स्थलांतर प्रकरणांसाठी वकील शोधताना : जाहिरात पाहण्याआधी नोंदणी क्रमांक पाहा

ओरगडम (चेन्नई) : परदेशी पती किंवा पत्नीसाठी भारतात राहण्याचा परवाना, परदेशात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व, अमेरिका किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या भावाबहिणीने केलेले कुटुंब-प्रायोजन अशा प्रश्नांसाठी ‘इमिग्रेशन वकील’ शोधणाऱ्यांची पहिली गाठ बहुधा जाहिरातींशी पडते. भारतात मात्र वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. त्यामुळे फलक, भ्रमणध्वनीवरील संदेश आणि समाजमाध्यमे यांतून खात्रीच्या व्हिसाचे आश्वासन देणारी व्यक्ती बहुतेक वेळा वकील नसते. ती वकील असलीच, तर व्यावसायिक नियमांचा भंग करत असते. योग्य सल्लागार निवडताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अनेक कुटुंबांचा पैसा आणि त्याहून मोलाची वर्षे वाचू शकतात.

चेन्नईच्या नैऋत्येला, सिंगपेरुमाल कोविल ते श्रीपेरुंबुदूर या मार्गावर वसलेल्या ओरगडमच्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न नेहमीचा आहे. कांचीपुरम जिल्ह्यातील या परिसरात रेनो-निस्सानचा मोटार कारखाना २०१० मध्ये, डायम्लरचा मालमोटारींचा कारखाना २०१२ मध्ये, तर रॉयल एनफिल्डचा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला. त्यांच्याभोवती सुट्या भागांचे उद्योग उभे राहिले. येथे जपान, कोरिया, जर्मनी, फ्रान्स या देशांतील तंत्रज्ञ कुटुंबासह येतात. चाकण, पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या वाहन उद्योगाच्या केंद्रांतील मराठी अभियंत्यांनाही हा पट्टा अपरिचित नाही. यातील काही जण पुढे मूळ कंपनीच्या परदेशी कार्यालयात जातात, काहींचे विवाह परदेशी नागरिकांशी होतात, तर काहींची मुले परदेशात जन्माला येतात. एकाच वसाहतीत भारतात येणाऱ्यांचे आणि भारतातून जाणाऱ्यांचे प्रश्न शेजारी शेजारी नांदतात.

आधी देश, मग वकील

भारतात ‘इमिग्रेशन वकील’ नावाचा वेगळा परवाना नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार राज्य वकील परिषदेच्या नामावलीत नोंद असलेला कोणताही अधिवक्ता नागरिकत्व आणि परकीय नागरिकांविषयीची प्रकरणे हाताळू शकतो. या कायद्याचे कलम ३० जून २०११ पासून लागू झाले असून त्यानुसार एका राज्यात नोंदलेला अधिवक्ता देशभर व्यवसाय करू शकतो. म्हणजे ओरगडममध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तमिळनाडूतीलच वकील घेतला पाहिजे, असे बंधन नाही. पुण्या-मुंबईतील आपल्या भाषेतला वकीलही केंद्रीय गृह मंत्रालयासमोरील अर्जाचे काम पाहू शकतो. मात्र प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात जाण्याची शक्यता असेल, तर तेथे नियमित काम करणारा वकील सोयीचा ठरतो.

वकिलाचे नाव विचारण्यापूर्वी प्रश्न कोणत्या देशाच्या कायद्याचा आहे, हे ठरवणे आवश्यक आहे. जपानी पत्नीला भारतात राहायचे असेल, तर प्रश्न भारतीय कायद्याचा आहे. भारतीय आईवडिलांना अमेरिकेतील मुलाकडे कायमचे जायचे असेल, तर तो अमेरिकी कायद्याचा आहे. मुलीने कॅनडाचे नागरिकत्व घेतल्यावर तिच्या भारतीय पारपत्राचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा भारतीय कायद्याचा ठरतो. काही प्रकरणांत दोन्ही देशांचे कायदे लागू होतात आणि तेव्हा दोन स्वतंत्र सल्लागार लागतात. दोन्ही बाजूंचे सर्व काम एकट्याने करून देण्याचा दावा कोणी करत असेल, तर दुसऱ्या देशात ते करण्याचा त्याला कोणता अधिकार आहे, हे विचारायला हवे.

भारतीय कायद्यातील मार्ग

परदेशी नागरिकांचा प्रवेश, वास्तव्य आणि नोंदणी यांसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० या वर्षांतील चार जुन्या कायद्यांची जागा घेतली. जुन्या कायद्यांचे हवाले देणारी माहितीपत्रके अजूनही फिरत असतात. सल्लागाराला नवा कायदा ठाऊक आहे का, हे तपासण्याचा साधा मार्ग म्हणजे त्याच्याकडून लागू असलेल्या कलमांचा उल्लेख लेखी मागणे.

दैनंदिन व्यवहार परकीय नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयाशी, म्हणजेच ‘एफआरआरओ’शी येतो. चेन्नईतील हे कार्यालय नुंगमबाक्कम येथील हॅडोज रोडवर आहे, परंतु बहुतेक अर्ज ई-एफआरआरओ या ऑनलाइन व्यवस्थेतूनच केले जातात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाने साधारणपणे आगमनानंतर १४ दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. मुदतवाढ, पत्त्यातील बदल, देश सोडण्याची परवानगी ही कामेही याच व्यवस्थेतून होतात. कागदपत्रे सरळ असतील, तर त्यासाठी वकिलाची गरज नसते. अर्जदार स्वतः अर्ज करू शकतो.

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७-अ नुसार ओसीआय, म्हणजे ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ हे कार्ड मिळू शकते. त्यासाठी विवाहाची नोंदणी झालेली असणे आणि अर्जापूर्वी तो सलग दोन वर्षे टिकलेला असणे आवश्यक आहे. धार्मिक विधी होऊनही विवाहाची नोंदणी लांबणीवर टाकणारी कुटुंबे येथेच अडकतात. जी व्यक्ती स्वतः किंवा जिचे आईवडील अथवा आजीआजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक आहेत वा होते, तिला हे कार्ड मिळत नाही.

नाव काहीही असले तरी ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला मतदान करता येत नाही, घटनात्मक पदे भूषवता येत नाहीत आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. विवाहाच्या आधारे कार्ड मिळाले असेल आणि न्यायालयाने विवाह संपुष्टात आणला, तर कलम ७-ड नुसार ते रद्द होऊ शकते. परदेशी पत्नी किंवा पतीच्या दृष्टीने हा धोका मोठा आहे. घटस्फोटाच्या तडजोडीत पोटगी आणि मुलांचा ताबा यांवर चर्चा होते, पण त्यानंतर आपण भारतात कोणत्या आधारावर राहणार, हा प्रश्न मागे पडतो. कौटुंबिक न्यायालयातील वकील आणि नागरिकत्वविषयक सल्लागार यांनी अशा वेळी एकमेकांशी बोलून काम करणे हिताचे असते.

पूर्ण नागरिकत्व हवे असल्यास भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीला कलम ५(१)(क) खाली, भारतात सात वर्षांच्या सर्वसाधारण वास्तव्यानंतर, नोंदणीसाठी अर्ज करता येतो. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेली व्यक्तीही अर्ज करू शकते. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. त्यामुळे हा मार्ग निवडणाऱ्याला मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते. निवृत्तिवेतन, वारसाहक्क आणि वृद्ध आईवडिलांकडे जाण्याची सोय यांवर त्याचा काय परिणाम होईल, हे मूळ देशाच्या कायद्यानुसार आधी पाहावे लागते.

जन्माची तारीख निर्णायक

भारतात जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व मिळते, हा समज जुन्या कायद्यावर आधारलेला आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती काही अपवाद वगळता जन्माने नागरिक ठरते. १ जुलै १९८७ नंतर, परंतु ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्म झाला असेल, तर आईवडिलांपैकी एक भारतीय नागरिक असणे आवश्यक आहे. त्यानंतरच्या जन्मासाठी दोघेही नागरिक असावे लागतात किंवा एक नागरिक असून दुसरी व्यक्ती बेकायदा स्थलांतरित नसावी लागते. त्यामुळे चेन्नईच्या रुग्णालयात जन्मलेले कोरियन दांपत्याचे मूल भारतीय ठरत नाही, पण भारतीय वडील आणि वैध व्हिसावर राहणारी कोरियन आई यांचे मूल जन्माने भारतीय ठरते. त्याच्यासाठी परदेशी पारपत्र घेण्यापूर्वी सल्ला घ्यावा, कारण त्याचा परिणाम त्याच्या भारतीय नागरिकत्वावर होऊ शकतो.

तारखेचे हे महत्त्व तमिळनाडूतील एका प्रकरणात ठळकपणे दिसले. श्रीलंकेतून आलेल्या निर्वासित दांपत्याची मुलगी एप्रिल १९८६ मध्ये मंडपम येथील छावणीत जन्मली होती. तिला पारपत्र नाकारण्यात आले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा जन्म १ जुलै १९८७ पूर्वीचा असल्याकडे लक्ष वेधून ती जन्माने भारतीय नागरिक असल्याचे स्पष्ट केले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिने मतदान केले. केवळ पंधरा महिने उशिरा जन्मली असती, तर हाच युक्तिवाद तिला उपलब्ध झाला नसता.

परदेशात भारतीय आईवडिलांच्या पोटी ३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत तेथील भारतीय दूतावासात करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नसल्याचे घोषित करावे लागते. मुदत उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. परदेशी नेमणुकीच्या धावपळीत ही मुदत अनेकदा निसटते.

चुकीचे कलम आणि हातून गेलेली वर्षे

नागरिकत्वाच्या प्रकरणात अर्ज कोणत्या कलमाखाली केला जातो, यावर किती अवलंबून असते, हे चेन्नईतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्याने दाखवून दिले. त्यातील तरुणाचे आईवडील मूळचे भारतीय. त्यांनी डिसेंबर १९९८ मध्ये सिंगापूरचे नागरिकत्व घेतले, तेव्हा हा मुलगा आईच्या पोटात होता. १९९९ मध्ये त्याचा सिंगापूरमध्ये जन्म झाला. सज्ञान झाल्यावर २०१७ मध्ये त्याने कलम ८(२) खाली भारतीय नागरिकत्व परत मिळण्यासाठी अर्ज केला. आईवडिलांनी नागरिकत्वाचा त्याग केला असल्यास त्यांच्या मुलाला सज्ञान झाल्यापासून एका वर्षात ते परत मागण्याची मुभा या तरतुदीत आहे.

गृह मंत्रालयाने अर्ज फेटाळला. मद्रास उच्च न्यायालयाने तरुणाच्या बाजूने कौल दिला. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने तो निकाल रद्द केला. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. तो कलम ८ मधील घोषणापूर्वक त्याग नव्हे. म्हणून कलम ८(२) चा लाभ मिळू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच वेळी, आईवडिलांपैकी एक जण पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक असलेल्या आणि बारा महिने भारतात राहिलेल्या व्यक्तीसाठी असलेल्या कलम ५(१)(फ) चा मार्ग खुला असल्याचेही नमूद केले.

अर्जापासून अंतिम निकालापर्यंत सात वर्षे गेली. उच्च न्यायालयालाही पटलेला मुद्दा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, यावरून विषयाची गुंतागुंत कळते. म्हणून पहिल्याच भेटीत ‘काम होईल का’ यापेक्षा ‘कोणत्या कलमाखाली, आणि ते जमले नाही तर दुसरा मार्ग कोणता’ हे विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

जाहिरात करणारा कोण?

भारतीय वकील परिषदेच्या नियम ३६ नुसार अधिवक्त्याला जाहिरात, मध्यस्थ, दलाल किंवा वैयक्तिक संपर्क अशा कोणत्याही मार्गाने काम मागता येत नाही. २००८ मधील दुरुस्तीनंतर त्याला स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, संपर्क, नोंदणी क्रमांक, शैक्षणिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी ठरावीक माहिती देण्याची मुभा मिळाली. मद्रास उच्च न्यायालयाने ३ जुलै २०२४ रोजी ऑनलाइन मंचांवरून वकिलांची सेवा विकण्याच्या प्रकारांवर कठोर ताशेरे ओढले आणि जाहिरात करणाऱ्या वकिलांविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई करण्यासाठी परिपत्रक काढण्याचे निर्देश वकील परिषदेला दिले.

या नियमाचा ग्राहकाला तोटाही होतो. पात्र वकिलाचे नाव सहज कानावर येत नाही, तर सल्लागार संस्थांना असे कोणतेही बंधन नसल्याने त्यांचा आवाज मोठा असतो. अर्ज भरून देणारी प्रत्येक संस्था अप्रामाणिक असते असे नाही. सरळ प्रकरणात तिचा उपयोगही होतो. परंतु तिला न्यायालयात बाजू मांडता येत नाही आणि वकिलाची गोपनीयतेची कायदेशीर बांधिलकी तिच्यावर नसते.

शोधाची सुरुवात त्यामुळे ओळखीच्या वकिलाकडून, जिल्हा किंवा उच्च न्यायालयातील वकील संघटनेकडून अथवा प्रकाशित निकालांतून करता येते. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावे छापलेली असतात आणि ती संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. नागरिकत्व किंवा ओसीआयच्या प्रकरणांत नियमित उभे राहणारे वकील त्यातून कळतात. त्यानंतर संबंधित राज्य वकील परिषदेकडे नोंदणी क्रमांक पडताळावा. तमिळनाडू आणि पुदुच्चेरीची एकच परिषद आहे, तशीच महाराष्ट्र आणि गोव्याचीही.

शुल्काच्या बाबतीतही नियम मदतीला येतात. निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवण्यास वकिलांना मनाई आहे. ‘व्हिसा मिळाला तरच पैसे’ हा करार वकील करू शकत नाही. तक्रारीचे मार्गही वेगळे आहेत. वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. त्यामुळे वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार राज्य वकील परिषदेकडे करावी लागते. सल्लागार संस्थेविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात दाद मागता येते. दोन्ही बाबतीत लेखी करार आणि पावती हाच पहिला पुरावा असतो.

परदेशी कायद्याचा सल्ला

परदेशी वकिलांचा भारतातील अधिकार हा विषयही मद्रास उच्च न्यायालयातूनच पुढे आला. ए. के. बालाजी प्रकरणात त्या न्यायालयाने २०१२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ रोजी निर्णय दिला. परदेशी वकिलांना भारतात व्यवसाय करता येणार नाही, मात्र आपल्या देशाच्या कायद्याविषयी सल्ला देण्यासाठी ते अधूनमधून येऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पुढे वकील परिषदेने नियम करून नोंदणीकृत परदेशी वकिलांना न्यायालयाबाहेरच्या कामात परदेशी कायद्याचा सल्ला देण्यास वाव दिला. त्या नियमांत मे २०२५ मध्ये सुधारणा झाली.

सामान्य कुटुंबासाठी मात्र संबंधित देशातील नोंदणी पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. अमेरिकेत राज्याच्या बारचा सदस्य असलेला वकील किंवा न्याय विभागाने मान्यता दिलेला प्रतिनिधीच अर्जदाराचे प्रतिनिधित्व करू शकतो. स्थलांतराचा कायदा संघीय असल्याने टेक्सासमधील वकील न्यू जर्सीतील कुटुंबाचे कामही करू शकतो. कॅनडात वकिलांखेरीज ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेचे परवानाधारक सल्लागार शुल्क घेऊन काम करू शकतात. ब्रिटनमधील नियामकाचे नाव जानेवारी २०२५ पासून ‘इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटी’ असे झाले. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत स्थलांतर प्रतिनिधीला सात अंकी क्रमांक असतो. न्यूझीलंडमध्येही परवान्याची पद्धत आहे. या सर्व नोंदवह्या भारतातून ऑनलाइन आणि विनामूल्य तपासता येतात.

कुटुंब-प्रायोजन म्हणजे दीर्घ मुदतीचे दायित्व

प्रायोजन म्हणजे केवळ निमंत्रणपत्र, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ती आर्थिक हमी असते. अमेरिकेत प्रायोजकाला उत्पन्नाचे शपथपत्र द्यावे लागते. त्यातील जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा ठरावीक काळ काम केल्याची नोंद पूर्ण होईपर्यंत ती सामान्यतः कायम राहते. कॅनडात क्वेबेक वगळता जोडीदारासाठीची हमी तीन वर्षांची, तर आईवडिलांसाठीची वीस वर्षांची असते. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी किमान वार्षिक उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून २९ हजार पौंड करण्यात आली.

अमेरिकेच्या बाबतीत नाते आणि प्रायोजकाचा दर्जा यांवर सारे अवलंबून असते. अमेरिकी नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालील अविवाहित अपत्य आणि आईवडील यांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाला जोडीदार आणि अविवाहित मुले यांच्यासाठी अर्ज करता येतो, आईवडिलांसाठी नाही. एच-१बी व्हिसावरील व्यक्ती कुटुंबाच्या कायम वास्तव्यासाठी प्रायोजक होऊ शकत नाही. भावाबहिणींच्या वर्गात वर्षाला ६५ हजार व्हिसांची मर्यादा असून प्रत्येक देशाला वेगळी मर्यादा लागू असल्याने भारतीयांची प्रतीक्षा दोन दशकांच्या आसपास जाते. या काळात अर्जदाराची मुले सज्ञान होऊन पालकांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. ही रांग कोणताही वकील कमी करू शकत नाही. तसे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर. चांगला वकील मुलांचे वय कायद्याच्या सूत्राने मोजून आणि दुसरा वर्ग उपलब्ध आहे का ते पाहून वास्तव चित्र मांडतो.

कंपनीचा वकील, कुटुंबाचा वकील

ओरगडमसारख्या औद्योगिक पट्ट्यात आणखी एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. परदेशी नेमणुकीचे व्हिसाचे काम कंपनीने नेमलेली संस्था करते. ती कर्मचाऱ्याच्या जोडीदाराचे आणि मुलांचे अर्जही भरते, पण तिचा पक्षकार कंपनी असते. नोकरी गेली, पतीपत्नीत वाद झाला किंवा कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर कंपनीचे हित आणि कुटुंबाचे हित एकच असेल असे नाही. आश्रित व्हिसा मुख्य व्हिसाशी जोडलेला असतो. मुख्य व्हिसाचा आधार गेल्यास जोडीदाराच्या आणि मुलांच्या वास्तव्याचाही प्रश्न उभा राहतो. अशा वेळी स्वतंत्र सल्ला घ्यावा आणि मुदत संपण्यापूर्वी घ्यावा. २०२५ च्या कायद्यानुसार व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. बनावट पारपत्र किंवा व्हिसा वापरल्यास शिक्षा दोन ते सात वर्षांची आहे. कागद सल्लागाराने तयार केला, हा बचाव पुरेसा ठरेलच असे नाही. अर्जावर सही अर्जदाराची असते.

पहिल्या भेटीची तयारी

वकिलाकडे जाताना जन्म आणि विवाहाचे दाखले, कुटुंबातील प्रत्येकाची जुनी आणि नवी पारपत्रे, व्हिसाच्या सर्व नोंदी, पूर्वीचे नाकारलेले अर्ज आणि प्रवासाच्या तारखांची यादी सोबत असावी. नकार लपवल्यास पुढे चुकीची माहिती दिल्याचा ठपका येतो. परदेशी कागदपत्रांवर अपोस्टिल लागते. त्याविषयीचा हेग करार भारतात जुलै २००५ पासून लागू आहे.

नावांतील विसंगती हा मराठी आणि तमिळ कुटुंबांचा समान अडथळा आहे. मराठी रीतीत मधले नाव वडिलांचे असते, विवाहानंतर ते पतीचे होते आणि काही वेळा पहिले नावही बदलते. तमिळ रीतीत आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. परदेशी कार्यालयाला शाळेच्या दाखल्यावरील, विवाहाच्या दाखल्यावरील आणि पारपत्रावरील स्त्री एकच आहे, हे सिद्ध करून द्यावे लागते. राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा शपथपत्र आधीच तयार असेल, तर अनेक महिने वाचू शकतात.

वकील केव्हा अनिवार्य मानावा, याचा साधा निकष आहे. अर्ज नाकारला गेला, कारणे दाखवा नोटीस आली, मुदत उलटली, फौजदारी गुन्हा नोंदला गेला, मुलाच्या ताब्याचा वाद सुरू झाला किंवा आईवडिलांच्या नागरिकत्वाबाबतच शंका असेल, तर स्वतः उत्तर देऊ नये. ओसीआय कार्ड रद्द करण्यापूर्वी धारकाला बाजू मांडण्याची संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती संधी हातची जाऊ देऊ नये.

शुल्क परवडत नसेल, तरी मार्ग बंद होत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती तसेच औद्योगिक कामगार यांना खटला दाखल करण्यासाठी किंवा लढवण्यासाठी मोफत विधी साहाय्य मिळू शकते. स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराला किंवा पतीने सोडून दिल्याने व्हिसाचा आधार गमावण्याच्या बेतात असलेल्या स्त्रीला पहिला दूरध्वनी येथे करता येईल. तोही व्हिसाची मुदत शिल्लक असतानाच करावा, कारण मुदत उलटल्यावर उपलब्ध पर्याय झपाट्याने कमी होतात.